पांढरी दोनमधलं गाणं

त्या गाण्याचं खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही त्याला घाटाचं गाणं म्हणायचो. नाव दादासोनं ठेवलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, भरलेला ट्रक पहिल्या गिअरवर घाट चढतोय बगा. दम लागतोय, पर थांबत न्हाय." दादासोचा स्वतःचा टेम्पो होता, त्यामुळे त्याला सगळं जग गिअरमध्येच दिसायचं.

हे चौऱ्याण्णव सालचं. मी तेव्हा इंदापूरला मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होते. संगीत म्हणजे आठवड्यातून दोन-तीन तास, बाकी मराठी आणि शिवण. चाळिशी आलेली. मुलगा पुण्याला शिकायला. घरात मी आणि आमचे हे. हिंदुराव त्यांचं नाव. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही, लिहायला हरकत नाही. तहसील कचेरीत कारकून होते, म्हणून सगळा गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचा.

दादासो टेम्पो चालवून उरलेल्या वेळात बँजो पार्टी चालवायचा. त्याच्याकडे एक कॅसिओ होता, पण तो वाजवणारा पोरगा नोकरी लागून निघून गेला. मला पेटी येते हे त्याला माहीत होतं. एक दिवस तो घरी आला, उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पेटीवर भाता मारावा लागतो, ह्याच्यावर तेवढं बी न्हाय. नुस्ती बोटं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. लग्न झालेली शाळेतली बाई पोरांच्या बँडमध्ये वाजवणार म्हणजे इंदापूर काय म्हणेल, हे मी बोलायच्या आत त्यांनी ओळखलं. "मी येतो की बरोबर," ते म्हणाले. "लोकांनी काही म्हणायचं ठरवलंच, तर दोघांना मिळून म्हणतील."

बँडमध्ये आम्ही चौघं होतो. गिटारला राजवर्धन, पिंपळीच्या बापूसाहेबांचा मुलगा. त्यांचा ऊस मोठा, घर मोठं. त्याची बहीण रेश्मा इंदापूरला मामाकडे राहून माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून तोही मला बाईच म्हणायचा. पुण्याला दोन वर्षं कॉलेज करून तो नापास होऊन परत आला होता, पण येताना गिटार घेऊन आला होता आणि ती त्याला चांगली येत होती. बास गिटार आणि गळा दादासोचा. आणि ढोल मल्हारचा. मल्हार माझ्या भावाचा मुलगा, डाळजचा. आमचं माहेर मेंढरांचं. आता शेती करतात, पण तेव्हा वडिलांनी थोडी मेंढरं ठेवली होती. बिरोबाच्या जत्रेत गजीनृत्याला मल्हारचा ढोल लागला की म्हातारी माणसंसुद्धा रुमाल काढून नाचायला उभी राहायची.

इंग्रजी गाण्यांचं खूळ एका कॅसेटमुळं आलं. इंदापूरच्या स्टँडामागं कॅसेटी भरून देणारं एक दुकान होतं. हायवेवर ट्रक बिघडला म्हणून एक मद्रासकडचा ड्रायव्हर दिवसभर त्या दुकानात बसून राहिला. त्याच्याजवळ एक इंग्रजी कॅसेट होती. दुकानदारानं ती एका कोऱ्या कॅसेटवर भरून घेतली. मूळ कॅसेट ट्रकबरोबर सोलापूरकडे गेली, आणि नक्कल दादासोनं विकत घेतली. तिच्यावर निळ्या शाईत फक्त 'इंग्लिश' लिहिलेलं होतं. कोण गातंय, कुठलं गाणं, काही नाही.

तिच्यात सगळ्या जातींची गाणी होती. एका बाजूला मऊ, गिटार नुसती छेडत म्हटलेली. त्यांच्यामागं दोन-तीन दुखऱ्या चालीची. राजवर्धन सांगायचा, ह्याला ब्लूज म्हणतात. दुसऱ्या बाजूला आदळआपट. त्यात त्यानं आणखी दोन जाती काढल्या, एक हार्ड रॉक आणि एक मेटल. मला त्यांच्यातला फरक पुष्कळ दिवस कळला नाही. दादासोला पहिल्याच दिवशी कळला. "हार्ड रॉक म्हंजे दारावर लाथ मारत्यात. मेटल म्हंजे दार घेऊनच आत येत्यात."

मी पेटी घेऊन स्वर शोधायला बसले, तर एकही गाणं पट्टीत बसेना. घाटाचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठंतरी लोंबकळत होतं. पेटीला तर मधली जागा नसते. मला वाटलं, तिकडच्या लोकांच्या पट्ट्याच वेगळ्या असतील. त्यांचं सगळंच वेगळं असतं. मग मी ते खाली ओढून पांढरी दोनमध्ये घेतलं. राजवर्धननं त्यासाठी गिटारच्या सगळ्या तारा उतरवल्या. तारा ढिल्या झाल्या आणि आवाज जड झाला, झोपेतून उठलेल्या माणसासारखा. तो आवाज आम्हाला फार आवडला.

तालमीला दर रविवारी पिंपळीला जायचो. बापूसाहेबांच्या मळ्यात एक बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. सगळा ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून तिथं कुणी गूळ केला नव्हता, पण भिंतींना अजून पाकाचा वास यायचा. गुळाची मोठी काहील पालथी पडलेली असायची. तिच्यावर आमचे हे कानात कापूस घालून वर्तमानपत्र वाचत बसायचे.

एका रविवारी बापूसाहेब स्वतः आले. "सिंधुबाई, तुमच्याविषयी आदर हाय," ते म्हणाले. "पर ते मेटल का काय हाय ना, त्येच्यानं म्हशीनं पान्हा चोरला."

"आबा, काहीतरीच," राजवर्धन म्हणाला.

"काहीतरीच काय? धार काढून बग. दूध तुझ्या आईला मी दावू, का तू दावणार?"

मग ठरलं. संध्याकाळची धार होईपर्यंत मऊ गाणी आणि ब्लूज. धार झाली की हार्ड रॉक आणि मेटल. गोठ्यातला गडी दुधाची बादली घेऊन गुऱ्हाळावरून जाताना हात वर करायचा, आणि राजवर्धन गिटारचा आवाज वाढवायचा.

ढोलाचा प्रश्न मात्र तसा सुटला नाही. रॉकमध्ये सगळ्यात मोठा ढोल जमिनीवर आडवा ठेवून पायानं वाजवतात. राजवर्धननं बारामतीच्या लोहाराकडून पायाचा खटका करून आणला. मल्हारनं तो उलटापालटा करून पाहिला आणि परत त्याच्या हातात दिला. "ढोल बिरोबाचा हाय, पाव्हणं. पाय न्हाय लावता यायचा."

राजवर्धन ऐकेना. तो डाळजला माझ्या वडिलांकडे गेला. त्यांचं नाव गेणबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पोरगं ढोल न्हेतंय तर न्हेऊ दे," ते म्हणाले. "पर पाय लागता कामा न्हाय. भुईवर ठेवायचा न्हाय, घोंगडीवर ठेवायचा. आन् वाजवायच्या आधी भंडारा लावायचा."

"तात्या, पण ही गाणी ज्यांची आहेत, ते लोक पायानंच वाजवतात."

"मग त्यांचा देव येगळा आसंल," तात्या म्हणाले, आणि मेंढरांकडे निघून गेले.

म्हणून मल्हार ढोल गळ्यात अडकवून, उभ्यानं, हातानंच वाजवायचा. मऊ गाण्यांना नुसती बोटं, आदळआपटीला लाकडी टिपरू. पण घाटाच्या गाण्यात त्याचं काय व्हायचं कोण जाणे. लहानपणी तो तात्यांच्या मागं मेंढरांबरोबर पायी कोकणात उतरायचा. तीच चाल त्याच्या हातात यायची. न थांबणारी, न घाई करणारी. गाणं कॅसेटवर आधीच संथ होतं, मल्हारच्या हातात ते आणखी संथ झालं, आणि आम्ही सगळे त्याच्या मागं चालायला लागलो.

ते गाणं असं सुरू व्हायचं. आधी माझे कॅसिओवरचे चार स्वर, दोनदा. मग एक रिकामी जागा. मी हात उचलायची, आणि त्या जागेत राजवर्धन एकच तार छेडायचा. एकच. ती लांबत जायची, थरथरायची, आणि आता विझणार असं वाटलं की खालून दादासोचा बास यायचा आणि वरून ढोल. मग दादासो गायला लागायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. कानाला पडेल तसं म्हणायचा. इंग्रजी येणारा कुणी भेटेपर्यंत ते इंग्रजीच होतं. त्या एका जागेसाठी मी आठवडाभर शाळेत मुलींकडून सरगम घोकून घ्यायची. हात उचलला की काही क्षण आपलं काहीच नसतं, सगळं दुसऱ्याच्या बोटात असतं, आणि ते येतंच. मला आयुष्यात एवढी खात्री दुसऱ्या कशाची वाटली नाही.

मला फक्त एवढंच हवं होतं, की हे गाणं एकदा पुरतं, आम्ही चौघांनी मिळून, लोकांपुढं वाजवावं. गणपतीत मंडळांपुढं वाजवलं, पण तिथं हिंदी लागायचं. मध्येच एखादं इंग्रजी चालायचं, तेही टाळ्या वाजवता येतील असं. भिगवणला घाटाचं गाणं धरलं तर मंडळाचे अध्यक्षच स्टेजवर आले. "ताई, कुणी वारलंय का?" लग्नाच्या स्वागताला मऊ गाणी चालायची, जेवणं होईपर्यंत. कारखान्याच्या एका कार्यक्रमात आम्ही हार्ड रॉक वाजवलं आणि पुढच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर चढली. पण घाटाचं गाणं कुठंच जायचं नाही.

"बारामतीला जाईल," राजवर्धन म्हणाला. तिथल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बँडची खुली स्पर्धा होती. एका बँडला एकच गाणं. "तिथले श्रोते वेगळे असतात बाई. त्यांना कळतं. तिथं आपण हेच वाजवायचं."

शहाण्णवचा जानेवारी. दुपारी दादासोच्या टेम्पोतून निघालो. मागं कॅसिओ, दोन गिटारी, ढोल घोंगडीत गुंडाळलेला, आणि ढोलाला धरून मल्हार; वाटेत पिंपळीला राजवर्धनही मागं चढला. पुढं दादासो, मी आणि हे. मी शाळेच्या समारंभाला नेसायची ती मोरपंखी साडी नेसले होते. रस्त्यात दोन्ही बाजूंना ऊसतोड चाललेली. दादासो गाणं गुणगुणत होता, आणि मी मांडीवर बोटं चालवत होते.

मैदानात मोठा मांडव होता. स्टेजवर एक चकचकीत ड्रम सेट मांडलेला. आमच्या आधी दोन बँड होते. पहिला हिंदी वाजवून गेला. दुसरा एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये नोकरीला आलेल्या पोरांचा होता, पुण्या-मुंबईकडची, खोल्या करून राहणारी. त्यांनी सुरुवात केली. आधी कीबोर्डचे चार स्वर.

मी ह्यांचा हात धरला.

तेच गाणं होतं. पण ते पळत होतं. चार स्वर आले आणि गेले, तार छेडली न छेडली तोच ड्रम आला, आणि पोरगा धाप न लागता गाऊ लागला.

"आगा बाबौ," दादासो म्हणाला. "ह्यांची यष्टी चुकतीया काय?"

राजवर्धन स्टेजकडेच बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. मी कॅसिओचा आवाज बारीक करून पट्टीला कान लावला आणि पांढरी तीन दाबून पाहिली. नेमकी. मधे नाही, लोंबकळत नाही, नेमकी पांढरी तीन.

"बाई," राजवर्धन म्हणाला, "आपली कॅसेटच चुकीची होती. भरताना त्या दुकानातलं मशीन जोरात फिरत असणार. म्हणून आपल्याकडे सगळं खाली आणि सावकाश आलं. एकूण एक गाणं."

दोन वर्षं मी तिकडच्या लोकांच्या पट्ट्या वेगळ्या असतील असं समजत होते.

"मी तारा चढवतो," राजवर्धन म्हणाला आणि गिटारच्या खुंट्या पिळायला लागला. "पांढरी तीन. मल्हार, त्यांचा सेट स्टेजवरच राहणार आहे. तू त्यावर बस."

"मला पायानं येत न्हाय."

"ढोलावर नाही रे, सेटवर! त्याला कुठला देव आलाय?"

"देव न्हाय. पर पायाला सवय बी न्हाय. आता हुभ्या हुभ्या शिकू व्हय?"

"आरं पर आपलं वाईट कुठं हाय?" दादासो म्हणाला. "आपलं आपल्या जागी चांगलंच हाय की."

"आपलं चूक आहे दादासो! चूक! हे सगळे आत्ता बरोबर ऐकून बसलेत. हसतील आपल्याला." तो खुंट्या पिळतच होता. "पुण्याहून नापास होऊन आलो तेव्हा हसलेच होते. आता परत नाही."

हे सगळं आमचे हे ऐकत होते. त्यांनी कानातला कापूस काढला. "मला विचाराल तर तुमचंच बरं," ते म्हणाले. "ह्यांच्या गाण्यात वर्तमानपत्र वाचता येणार नाही."

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

मल्हारनं घोंगडी अंथरली, ढोलाला भंडारा लावला, आणि ढोल गळ्यात घातला. समोर हशा सुरू झाला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो जे वाजवू शकत होता ते एकच होतं. मी पांढरी दोनवर बोट ठेवलं.

चार स्वर. पुन्हा चार स्वर. मी हात उचलला.

राजवर्धननं तार छेडली. त्याच्या काही तारा चढलेल्या होत्या, काही उतरलेल्या. भांडं पडावं तसा आवाज झाला. त्यानं घाबरून पंजानं सगळ्या तारा दाबून धरल्या. ती जागा रिकामी राहिली. मी हात वरच धरून होते. मग ढोल आला, बास आला, आणि आम्ही चालायला लागलो.

"ए, सेल बदला!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा मांडव हसला. "सेल संपले! सेल!"

दादासो गात राहिला. दुसऱ्या कडव्याआधी ती जागा पुन्हा आली, तेव्हा त्यानं तोंडानंच तारेचा आवाज काढला, लांबलचक. त्याला वाटलं आपण सावरून घेतोय. मांडव आणखी हसला. मल्हारची नजर ढोलावर होती. त्याचा हात एकदाही घाईला आला नाही. राजवर्धन शेवटपर्यंत तारांवर पंजा दाबून उभा राहिला, मान खाली घालून. गाणं संपलं तेव्हा एकच माणूस टाळ्या वाजवत होता, आणि तो माझा नवरा होता.

खाली उतरल्यावर राजवर्धन आमच्याकडे आला नाही. त्या दुसऱ्या बँडमधला एक पोरगा त्याला गिटारबद्दल काहीतरी विचारत होता. तो त्यांच्याबरोबर चहाच्या गाडीकडे गेला. आम्ही टेम्पोजवळ पुष्कळ वेळ थांबलो. मग दादासोनं स्टार्टर मारला. "घाट तर चढलो, बाई," तो म्हणाला. "पर क्लीनर खालीच राह्यला."

पुढं राजवर्धन त्या पोरांबरोबर वाजवायला लागला. वर्षाच्या आत पुण्याला गेला. रेश्मा अधूनमधून भेटायची, सांगायची. आमचा दादा आता तीन बँडमध्ये वाजवतो. एकात ब्लूज, एकात मेटल, आणि हॉटेलात मऊ गाणी. सगळं अगदी मूळसारखं. मला त्याचा राग आला नाही. पोराला बरोबर यायला हवं होतं, ते आलं.

मल्हारला कारखान्यात काम लागलं, दादासोची बँजो पार्टी पुन्हा हिंदीवर आली. मी रविवारी घरी ती कॅसेट ऐकायची. इतकी ऐकली की एक दिवस टेपनं पट्टी ओढून घेतली, गुंता झाला, आणि सोडवताना ती तुटली. मग मी पेटीवर ते चार स्वर वाजवायला लागले. दोनदा वाजवायचे आणि हात उचलायचा. त्याची जागा रिकामी सोडायची. स्वयंपाकघरात ह्यांचा चहा चाललेला असायचा. तिथून ते विचारायचे, "आला नाही का अजून?"

"नाही अजून," मी म्हणायची.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात मल्हारचं लग्न निघालं. डाळजला घरापुढं मांडव घातला होता. हळदीच्या सकाळी एक मोटरसायकल मांडवापाशी येऊन थांबली, आणि पाठीला गिटार बांधलेला राजवर्धन उतरला. केस वाढवलेले, अंगानं भरलेला. मल्हारनं त्याला बोलावणं धाडलं होतं, मला माहीत नव्हतं. तो तात्यांच्या पाया पडून माझ्याही पाया पडला आणि तिथंच, खाली बसूनच म्हणाला, "बाई, ते गाणं मी बरोबर किती वेळा वाजवलं असेल. पण त्यात ती जागाच येत नाही हो. ते लोक इतक्या घाईत असतात, तिथं थांबायला कुणाला वेळच नसतो." मग हळू म्हणाला, "एकदा आपलं वाजवू या का?"

दादासो टेम्पो घेऊन आलेलाच होता, नवरीकडची भांडी आणायला. त्यानं कॅसिओ काढला. "सेल बदललेत बरं का बाई," तो म्हणाला, आणि राजवर्धन तीन वर्षांनी आमच्यात हसला. बाजेवर कॅसिओ, शेजारी राजवर्धन, त्याची ही गिटार साधी, लाकडी. त्यानं पांढरी दोन मागितली आणि सगळ्या तारा एकेक करून उतरवल्या. दादासोला बास नव्हता, तो एका तपेल्यावर तळव्यानं ठेका धरणार होता. मल्हार हळद लागलेल्या अंगानं ढोल घ्यायला आत गेला, तर त्याची आई, माझी भावजय भागूबाई, आडवी आली.

"आरं, त्या हळदीच्या हातांनी द्येवाच्या ढोलाला शिवतोस व्हय?"

"शिवू दे," पलीकडच्या बाजेवरून तात्या म्हणाले. "भंडारा तरी काय येगळा आस्तो?"

आम्ही सुरू केलं. चार स्वर, चार स्वर, हात उचलला. तार आली, पण लगेच तिच्यामागं दुसरी आली, तिसरी आली. तो पळत होता. "थांबा, थांबा," तोच म्हणाला. पुन्हा धरलं. पुन्हा तो ढोलाच्या पुढं गेला. त्यानं बोटं झटकली. "हात ऐकत नाही बाई. बरोबरची सवय लागलीय."

"माझ्या हाताकडं बग, पाव्हणं," मल्हार म्हणाला. "गाणं सोड. मेंढरं पुढं हायत, आपण मागं. त्येंच्या पुढं जाऊन करायचं काय?"

तिसऱ्यांदा मी स्वर वाजवले आणि हात उचलला. राजवर्धन मल्हारच्या पिवळ्या हाताकडे बघत होता. त्यानं एक तार छेडली. एकच. ती लांबली. थरथरली. मांडवात पाट मांडणाऱ्या बायका थांबल्या. वाघराच्या जाळीत मेंढरं चुळबुळत होती तीही गप्प झाली असं मला वाटलं. आता विझणार, एवढ्यात तपेलं आलं आणि ढोल आला, आणि दादासो डोळे मिटून त्याच्या इंग्रजीत गायला लागला.

पहिलं कडवं पुरतं वाजलं. आम्ही चौघं होतो, लोक होते, आणि कुणी हसलं नाही. आमचे हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, आणि त्यांच्या कानात कापूस नव्हता. कडवं संपलं. मी पुढचे चार स्वर घेतले, हात उचलला, आणि राजवर्धनचं बोट तारेवर गेलं.

"आरं ए नवरदेवा!" भागूबाई कमरेवर हात देऊन उभी होती. "पाणी पार निवून चाललं. न्हायचंय का न्हाय? आन् सिंधुवन्सं, तुमी तरी सांगायचं का न्हाय? करवलीचा मान तुमचा, आन् तुमी बाजेवर पेटी बडवत बसलाय!"

चार बायकांनी मल्हारला दोन्ही दंडांना धरून नेलं. जाता जाता त्यानं ढोल काढून घोंगडीवर ठेवला, तेवढा अवधी मात्र घेतला. मलाही उठावं लागलं.

"राहिलेली दोन कडवी लग्नानंतर," दादासो म्हणाला.

"हो, लग्नानंतर," राजवर्धन म्हणाला. त्याचं बोट तारेवरच होतं.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. राजवर्धनचा पुण्याला संध्याकाळी कार्यक्रम होता. मी नवरीच्या मागं आत होते, बाहेर आले तेव्हा मोटरसायकल हायवेला लागली होती. पुढं तो जहाजावर वाजवायला गेला. अजून तिकडेच असतो म्हणतात, या बंदरातून त्या बंदरात. दादासो गेला. तात्या तर त्याच पावसाळ्यात गेले. ढोल बिरोबाच्या देवळात आहे, जत्रेत मल्हारचा मुलगा वाजवतो. आमच्या ह्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मागच्या दिवाळीत नात स्वरालीनं कुठून कुठून शोधून ते गाणं फोनवर काढलं. "आजी, हेच का तुमचं?" मी म्हणाले, हे नव्हे, हे पळतंय. मग तिनं काहीतरी करून ते संथ केलं. संथ झालं. पण संथ म्हणजे ती चाल नव्हे, तिला कसं सांगणार. मी म्हणाले, छान आहे हो.

रविवारी अजून पेटी काढते. पांढरी दोन. पहिलं कडवं मी वाजवत नाही, ते वाजून झालं आहे. दुसऱ्यापासून धरते. चार स्वर, पुन्हा चार स्वर, आणि हात उचलते. आला नाही का अजून, असं आतून विचारणारं आता कुणी नाही. तरी माझ्या तोंडून जातंच.

"नाही अजून."